साठवलेल्या चित्रातील क्यूआर कोडची उकल

स्क्रीनशॉट, छायाचित्र किंवा संदेशातून आलेल्या चित्रातला क्यूआर कोड कॅमेऱ्याशिवाय वाचण्याची क्रिया. कोड फोनच्याच पडद्यावर असला की ही गरज पडते, कारण फोनचा कॅमेरा स्वतःच्या पडद्याकडे वळवता येत नाही.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो समूहात मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. सर्वांत लहान कोडात प्रत्येक बाजूला २१ खण (काळे-पांढरे छोटे चौकोन) असतात, सर्वांत मोठ्यात १७७. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांच्या मध्यातून कोणतीही रेघ ओढली, तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. त्यावरून तिरक्या चित्रातही कोड सापडतो. मग खणांवर चढवलेला मुखवटा, म्हणजे काही खणांचे रंग उलटवणारा ठरावीक नमुना, उतरवून बिट वाचले जातात आणि रीड-सॉलोमन पद्धतीने चुका दुरुस्त होतात. मोठ्यात मोठ्या कोडात २,९५३ बाइट मावतात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह आणि प्रत्येक मात्रा ३ बाइट खाते, त्यामुळे मराठी मजकूर हजार चिन्हांच्या आतच आटोपावा लागतो.

कोडातला मजकूर चित्रातच असतो. तो वाचायला इंटरनेट लागत नाही. तरीही ‘चित्र अपलोड करा, कोड वाचून देतो’ म्हणणारी संकेतस्थळे भरपूर आहेत. वायफायच्या कोडात पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. दुहेरी पडताळणी सुरू करताना दिसणाऱ्या कोडात मूळ गुप्त किल्ली असते. ती ज्याच्या हाती लागेल त्याला, किल्ली बदलेपर्यंत, दर वेळचे नवे आकडे स्वतः काढता येतात. शिवाय पूर्ण स्क्रीनशॉटबरोबर वरच्या सूचनापट्टीतले संदेश जातात, तर कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रात कधी कधी ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही असतात.

म्हणून उकल आपल्याच यंत्रावर करावी. झेडएक्सिंग आणि झेडबार या खुल्या स्रोताच्या प्रणाली त्यासाठी आहेत. झेडबारची ‘झेडबारआयएमजी’ ही आज्ञा चित्रातला मजकूर नुसता छापते, काही उघडत नाही, आणि हवे असते ते नेमके एवढेच. काही वेबपाने ब्राउझरमध्येच कोड वाचतात. अशा पानाची परीक्षा सोपी: पान उघडल्यावर इंटरनेट बंद करायचे, मग चित्र द्यायचे. उत्तर आले तर वाचन यंत्रावरच झाले. मात्र जोडणी पुन्हा सुरू करण्याआधी ते पान बंद करावे, नाहीतर चित्र मागाहूनही पाठवता येते.

वाचणे आणि उघडणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि धोका बहुधा दुसरीत असतो. मजकूर दुवा निघाला तर सुरुवातीच्या ‘https://’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग पाहावा आणि उजवीकडून डावीकडे वाचावा, खरा मालक शेवटच्या दोन-तीन शब्दांत असतो. त्या भागात ‘@’ असेल तर त्याच्या आधीचे सगळे निव्वळ दिखाऊ. लघुदुव्यात तर मुक्कामाचे नावच दिसत नाही. दुव्याची झलक दाखवणारे ॲपही फसवे, कारण झलक आणायची तर समोरच्या सर्व्हरशी बहुधा संपर्क झालेलाच असतो.

चित्र वाचलेच जात नसेल तर बहुतेकदा कडेची पांढरी जागा कातरलेली असते. निदान ४ खणांएवढी ती लागते. काळ्यावर पांढरा कोड असेल तर रंग उलटे करून पाहावेत.

उलट बाजूची चूक अधिक महागात पडते. चित्र दुसऱ्याला पाठवताना कोडावर एखादी रेघ मारून लोक निर्धास्त होतात. पण दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के बिघाड भरून निघतो, म्हणजे रेघेखालचा कोड सरळ वाचता येतो. पूर्ण कोड अपारदर्शक रंगाने झाकावा लागतो. नुसते कातरणेही पुरेसे नसते: २०२३ मध्ये उघड झाले, की गूगल पिक्सेल फोनमधील मार्कअप आणि विंडोज ११ चे स्निपिंग टूल कातरलेले चित्र जुन्याच फाइलवर लिहीत, पण फाइलची उरलेली शेपटी छाटत नसत. त्या शेपटीतून वगळलेला भाग पुष्कळसा परत मिळवता येत होता.