कोरिया : रेघेच्या आधीची भेग

२५ जून १९५०, रविवार. उजाडायच्या आत उत्तर कोरियाच्या फौजा रशियन टी-३४ रणगाडे घेऊन ३८ उत्तर अक्षांशाच्या खाली उतरल्या आणि २८ तारखेला सोल पडलं. पहिली चाल कोणाची, हा वाद सोव्हिएत दप्तरं खुली झाल्यावर मिटला. ती उत्तरेचीच होती. पण युद्ध का झालं, याचं उत्तर त्या पहाटेत सापडत नाही. आपल्याकडे ते सहसा अमेरिका-रशियाच्या शीतयुद्धात शोधलं जातं. माझ्या मते ते अर्धं उत्तर आहे, आणि तेही नंतरचं. आधीचं अर्धं जपानी अमलात आहे.

जपानने १९१० साली कोरिया खालसा केला. लगेच जमिनीची मोजणी सुरू झाली, ती १९१८ पर्यंत चालली. ज्याच्या नावाचा कागद त्याची जमीन, असा हिशेब लागला. वहिवाटीवर जगणाऱ्या कुळांच्या हाती काही राहिलं नाही. कोरियन जमीनदारांचा हक्क मात्र उलट पक्का झाला. दक्षिणेतली कुळं निम्मं पीक, कधी त्याहूनही जास्त, खंड म्हणून घालत आणि गुन्सानसारख्या बंदरांतून तो तांदूळ जपानला जाई. उत्तरेत यालू नदीवर धरण झालं, हुंगनामला खतांचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. वीज आणि कारखाने वर, भात खाली. एक देश असेतो याचं कुणाला काही वाटलं नाही.

पुढे शाळांतून कोरियन भाषा गेली. १९४० पासून आडनावंही जपानी घ्यायला लावली. या पस्तीस वर्षांत दोन तऱ्हेची माणसं तयार झाली. एक मांचुरियाच्या जंगलात जपान्यांशी लढणारी. पुढे उत्तर कोरियाचा प्रमुख झालेला किम इल सुंग त्यातला. दुसरी जपानी पोलिसात, फौजेत, कचेऱ्यांत नोकरी धरलेली. १९५० च्या त्या पहाटे केसाँगच्या बाजूची फळी सांभाळणारा दक्षिणेचा सेनानी पैक सन-युप मांचुरियात जपानविरोधी गनिमांच्या मागावर असणाऱ्या एका खास तुकडीत नोकरी केलेला होता. म्हणजे एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली ही दोन सैन्यं १९५० ची नव्हती, १९३० च्या दशकातली भांडणं घेऊन आलेली होती.

आता रेघ. ऑगस्ट १९४५, १० तारखेची रात्र. जपान शरण यायच्या बेतात होता. रशियन फौजा कोरियात शिरल्या होत्या आणि जवळात जवळचे अमेरिकन सैनिक ओकिनावात. वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना शेजारच्या खोलीत बसवून सांगितलं, अर्ध्या तासात रशियन आणि अमेरिकन ताब्यांमधली सीमा सुचवा. रस्क म्हणजे पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला तोच. हाताशी नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा होता. सोल आपल्या बाजूला राहावं म्हणून त्यांनी ३८ अंशावर बोट ठेवलं आणि स्टालिनने चकार शब्द न काढता मान्य केलं. आपल्या फाळणीची रेघ आखणाऱ्या रॅडक्लिफला निदान पाच आठवडे मिळाले होते. शतक उलटताना रशिया आणि जपान यांच्यात याच अक्षांशावर वाटणीची बोलणी झाली होती, हे आपल्याला ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तर दुसरी रेघ निवडली असती, असं रस्कने नंतर लिहिलं. कोरियन माणसाला विचारायचा तर प्रश्नच आला नाही.

अमेरिकन सैन्य उतरलं ८ सप्टेंबरला. तोवर गावोगावी लोकसमित्या उभ्या राहिल्या होत्या. ल्यू वून-ह्युंग यांनी लोकप्रजासत्ताकही जाहीर केलं होतं. अमेरिकन फौजेचे प्रमुख जनरल हॉज यांनी ते मानलं नाही. त्यांना कारभार चालवायला हात हवे होते आणि तयार हात होते जपान्यांच्या हाताखालच्या पोलिसांचे. ज्या शिपायाने काल जपान्यांसाठी लाठी चालवली, तोच आज अमेरिकन अमलात दारात उभा, हे लोकांना पचणं शक्य नव्हतं. १९४६ च्या शरदात तेगूत उसळलेल्या दंग्यात जमावाचा रोख पोलिसांवरच होता.

उत्तरेत उलट घडलं. मार्च १९४६ मध्ये जमीनदारांच्या जमिनी मोबदला न देता काढून कुळांना वाटल्या. जमीनदार, ख्रिस्ती, जपानी काळातले अधिकारी दक्षिणेत पळून आले आणि त्यांच्यातल्या तरुणांच्या टोळ्या डाव्यांवर तुटून पडू लागल्या. दक्षिणेत जमीन-सुधारणेचा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. मधली माणसं टिकली नाहीत. ल्यू यांचा १९४७ मध्ये खून झाला, फाळणीला विरोध करणाऱ्या किम गू यांचा १९४९ मध्ये.

संयुक्त राष्ट्रांनी निवडणुकीसाठी आयोग नेमला, अध्यक्ष आपले के. पी. एस. मेनन. रशियाने त्यांना उत्तरेत पाऊल ठेवू दिलं नाही. मग १० मे १९४८ ला मतदान फक्त दक्षिणेत झालं. चारच दिवसांनी उत्तरेने वीज तोडली आणि दक्षिणेतल्या गिरण्या थंडावल्या. जेजू बेटावर या निवडणुकीविरुद्ध एप्रिलपासून उठाव सुरू होता. तो चिरडताना १४ ते ३० हजार माणसं मेली असावीत, असे अंदाज आहेत. बेटाची वस्ती तीन लाखांच्या आसपास होती. इतिहासाच्या पुस्तकांतलं ‘युद्ध’ सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती!

त्याच वर्षी दोन सरकारं झाली, दोघांचाही दावा सगळ्या देशावर. १९४९ भर सीमेवर चकमकी चालू होत्या. ओंगजिनचंच बघा. हा द्वीपकल्प रेघेच्या खाली, म्हणून दक्षिणेचा. पण जमिनीवरून जायचं तर उत्तरेतूनच, नाहीतर बोटीने. तिथे मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये तोफा चालल्या, काही वेळा सुरुवात दक्षिणेकडूनच. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांची ‘उत्तरेवर चालून जाऊ’ ही भाषा ऐकून अमेरिकेने त्यांना रणगाडे देणं टाळलं.

दक्षिणेवर चाल करू पाहणाऱ्या किम इल सुंगला स्टालिनने मार्च १९४९ मध्ये थोपवलं होतं. पुढच्या वर्षभरात रशियाकडे अणुबॉम्ब आला, चीन माओच्या हाती गेला, अमेरिकन फौज कोरिया सोडून गेली आणि चिनी यादवीत लढून तावून सुलाखून निघालेले हजारो कोरियन सैनिक उत्तरेत परतले. १९५० च्या एप्रिलमध्ये मॉस्कोत किमला होकार मिळाला, एका अटीवर : माओलाही विचार. शीतयुद्धाचं काम इथे आहे. सरण आधीच रचलेलं होतं.

२७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली तेव्हा रेघ फिरून जवळपास तिथेच आली होती. केसाँग आणि ओंगजिन उत्तरेकडे गेले, पूर्वेचं सोक्चो दक्षिणेकडे आलं. मायदेशी जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांवर पहारा ठेवायला भारतीय सैन्य गेलं, त्याचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. त्या हजारो कैद्यांत काही थोडे असे निघाले की त्यांना उत्तरही नको होती आणि दक्षिणही. ते ८८ जण, त्यात ७६ कोरियन, फेब्रुवारी १९५४ मध्ये थोरातांच्या परतणाऱ्या सैन्याबरोबर बोटीने भारतात आले.