माधव गाडगीळ यांचे सह्याद्रीतील संशोधन

पश्चिम घाटाची परिसंस्था आणि त्या डोंगरांवर जगणारी माणसे या दोन्हींचा एकत्र अभ्यास करणारे परिसरशास्त्रज्ञ माधव धनंजय गाडगीळ यांचे कार्य. त्यांचा जन्म २४ मे १९४२ रोजी पुण्यात झाला. वडील धनंजयराव हे अर्थशास्त्रज्ञ आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. घरात पक्षिनिरीक्षणाची गोडी होती. शाळकरी वयात माधवरावांना शेपटीची लांब पिसे नसलेला वेडा राघू दिसला. हा कोणता पक्षी, असा प्रश्न त्यांनी थेट पक्षितज्ज्ञ सलीम अलींना पत्राने विचारला. पिसे झडली आहेत, पुन्हा येतील, असे उत्तर आले.

फर्ग्युसन महाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठानंतर १९६९ मध्ये त्यांनी हार्वर्डची पीएच. डी. मिळवली. विषय गणिती परिसरशास्त्राचा होता. सजीव आपली ऊर्जा वाढ आणि प्रजनन यांत कशी वाटतात, यावरचे त्यांचे लेखन आजही वाचले जाते. परदेशात नोकरी असूनही ते १९७१ मध्ये परतले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत (आजची आघारकर संशोधन संस्था) वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासोबत देवराया पाहत हिंडू लागले. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालत नाही, पुष्कळ ठिकाणी पडलेले लाकूडही उचलत नाहीत. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची देवराई तोडीसाठी निघाली तेव्हा गावकऱ्यांचा मुद्दा सरळ होता : ओढा तिथून उगम पावतो, रान गेले की पाणी गेले. ती तोड थांबली. या पाहणीवर आधारलेला दोघांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रद्धेकडे निव्वळ अंधश्रद्धा म्हणून न पाहता त्यामागचा व्यवहार तपासायची त्यांची रीत इथे पक्की झाली, असे म्हणता येईल.

१९७३ ते २००४ ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. तिथले परिसर विज्ञान केंद्र त्यांनी उभारले. कर्नाटकातील बांबूचा प्रश्न याच काळातला. कागद गिरणीला बांबू टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने मिळे, बुरुडांना मात्र तोच बाजारभावाने घ्यावा लागे. बांबू का संपतो याचा दोष गावांवर टाकला जाई. प्रत्यक्षात तोड करताना बांबूच्या बेटांच्या बुडाचे काटे साफ केले जात होते. काट्यांचे कुंपण गेले की कोवळे कोंब गुरे आणि वानरे खाऊन टाकत. हे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते, शास्त्रज्ञांनी मोजून ते खरे असल्याचे दाखवले. केरळमधील सायलेंट व्हॅलीच्या धरणाचा वाद, १९८६ चे निलगिरी जीवावरण क्षेत्र (निसर्गासाठी राखलेला प्रदेश), २००२ चा जैवविविधता कायदा यांतही त्यांचा सहभाग होता. गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांची, म्हणजे गावकऱ्यांनीच आपल्या परिसरातील सजीवांची नोंद ठेवण्याची, कल्पना त्यांनी रुजवली.

मार्च २०१० मध्ये केंद्राने त्यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर झाला. तो दडवून ठेवला गेला आणि माहिती अधिकाराच्या लढाईनंतर, दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालामुळे मे २०१२ मध्ये खुला झाला. संपूर्ण घाट संवेदनशील मानून ९ किमी × ९ किमीच्या चौकटींवर गुण देऊन त्यात संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी सुचवल्या होत्या. ‘गाडगीळ अहवाल म्हणजे सगळ्यावर बंदी’ अशी हाकाटी झाली. ती करणाऱ्यांनी तो किती वाचला होता, याची शंका येते. श्रेणी ही केवळ सुरुवातीची मांडणी होती. अंतिम सीमा आणि नियम ग्रामसभांशी बोलून, खालून वर ठरावेत, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. खाणी, मोठी धरणे आणि डोंगरांवरची नवी पर्यटन नगरे यांवर मात्र टीका होती, आणि विरोधाचा जोर तिथूनच आला.

सरकारने मग अवकाशशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला. त्याने २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवण्याची शिफारस केली. पुढे संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुद्यांमागून मसुदे निघाले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला केरळच्या वायनाडमध्ये डोंगर कोसळला. सहावा मसुदा निघाला तो दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी.