मॅटर्निटी लीव्ह: पात्रता, कागदपत्रं आणि कंपनीने द्यायच्या गोष्टी

आधी पात्रतेचं बोलू, कारण सगळ्यात जास्त चुकीचं तिथेच सांगितलं जातं. "एक वर्ष पूर्ण नाही ना झालं, मग पगारी लीव्ह नाही" असं काही एचआरवाले बिनदिक्कत सांगतात, पण कायद्यात अशी अटच नाहीये, डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या कंपनीत ८० दिवस काम झालं असलं की हक्क लागू होतो. प्रोबेशनवर असाल तरी. रोजंदारीवर असाल तरी, हे तर सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच सांगितलंय, आणि काँट्रॅक्ट मध्येच संपलं म्हणून पैसे थांबवता येत नाहीत हे २०२३ मध्ये. कारखान्यांना कायदा लागू आहेच, दुकानं-ऑफिसं असतील तर १० किंवा जास्त माणसं हवीत. १९६१ चा जुना कायदा होता त्याच्या तरतुदी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आल्यात, मुख्य हक्क तेच राहिलेत.

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. आधीची दोन मुलं असतील तर १२ आठवडे. गर्भपात झाला तर ६ आठवडे, आणि हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, त्या दुःखात बिचाऱ्या आपली सिक लीव्ह संपवतात.

आता पैसे कोण देणार? पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर पैसे ईएसआयसी, म्हणजे हा विमा चालवणारं सरकारी महामंडळ देतं, क्लेम त्यांच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येतो, त्यासाठी आधीच्या दोन काँट्रिब्यूशन पीरियडमध्ये (एक पीरियड सहा महिन्यांचा) मिळून ७० दिवसांचं योगदान जमा असावं लागतं, म्हणून कंपनी ते वेळेवर भरतेय ना हे आधीच बघून ठेवा. ईएसआय नसेल तर सगळं कंपनीवर, सुट्टीआधीच्या ३ महिन्यांच्या सरासरी रोजाच्या हिशोबाने. हा हिशोब लेखी मागा.

अर्ज साधाच असतो. सुट्टी कधीपासून, पैसे आपल्याला द्यायचे की आणखी कुणाला (नाव लिहा), आणि या काळात दुसरीकडे काम करणार नाही, एवढं लिहायचं आणि सोबत अपेक्षित तारीख असलेलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायचं. ईमेलवरच पाठवा, तोंडी सांगून अजिबात थांबू नका. डिलिव्हरीआधीच्या काळाचे पैसे कंपनीने आगाऊ द्यायचे असतात आणि उरलेले, बाळ झाल्याचा पुरावा म्हणजे डिस्चार्ज कार्ड किंवा जन्मदाखला दिल्यापासून ४८ तासांत. घाईत आधी अर्ज राहिला तर डिलिव्हरीनंतर लगेच द्या, उशिरामुळे हक्क जात नाही.

पगार आला म्हणजे संपलं असं समजू नका, खरी गळती बाकीच्या गोष्टींत होते. कंपनी पगार देत असेल तर त्यावर पीएफ दोन्ही बाजूंचा जमा व्हायला हवा, पासबुक दर महिन्याला उघडून बघा. ग्रॅच्युइटीसाठी हे २६ आठवडे सलग नोकरीतच धरतात, बोनसच्या हिशोबातही पगारी मॅटर्निटी लीव्हचे दिवस कामाचेच मानले जातात, त्यामुळे "सहा महिने नव्हतीस म्हणून बोनस कमी" हे चालत नाही. कंपनीने डिलिव्हरीआधीची-नंतरची तपासणी मोफत दिली नसेल तर ३,५०० रुपये मेडिकल बोनस वेगळा मिळतो, मागितल्याशिवाय तो सहसा कुणी आठवणीने देत नाही. मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव किती दिवसांत टाकायचं हे जायच्या आधीच विचारून घ्या. आणि हो, कंपनीकडून येणाऱ्या या पगारावर टीडीएस कापतात, तो बरोबर आहे.

सुट्टीवर असताना नोकरीवरून काढणं किंवा नोकरीच्या अटी तोट्याच्या करणं बेकायदेशीर आहे. तसं झालं तर ६० दिवसांच्या आत दाद मागायची असते, तेव्हा रुसवेफुगवे, समजुती यात दिवस घालवू नका. पैसे अडवले तर लेबर ऑफिसमध्ये लेखी तक्रार करा, सोबत अपॉइंटमेंट लेटर, सॅलरी स्लिपा, बँक स्टेटमेंट, अर्जाचा ईमेल आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट न्या. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन नर्सिंग ब्रेक मिळतात, आणि ५० किंवा जास्त लोक असतील तिथे पाळणाघराची सोय कंपनीने करायची, आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाऊ द्यायचं.