मागच्या बाकावरची पेंग

दुपारच्या तासाला मागच्या बाकावरचं पोरगं पेंगायला लागलं की त्याला उभं करायचं, हे ठरलेलंच. पण त्या खोलीतल्या हवेचं काय झालंय हे कुणी बघत नाही. साधा हिशोब करून बघू. खोली ८ मीटर बाय ७ मीटर, छत साडेतीन मीटरवर, आत ४० मुलं आणि खिडक्या बंद. एक मूल तासाला साधारण १५ लीटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणजे सगळी मिळून ६०० लीटर, आणि खोलीत एकूण हवा १,९६,००० लीटर. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत ४२०च्या आसपास असतो, इथे फटीफुटी नसतील तर तासाभरात त्यात ३००० भागांची भर पडते. फटी असतात म्हणून एवढा जात नाही, पण २००० पार होणं काहीच अवघड नाही.

म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८मध्येच सांगून ठेवलंय की आकडा १०००च्या वर गेला की खोलीची हवा खराब समजा. या प्रमाणात तो वायू म्हणजे काही विष नाही, हे त्यांनाही माहीत होतं, पण तो वाढला म्हणजे श्वासातलं आणि अंगावरचं बाकी सगळंही साचलं, नवी हवा येत नाहीये. म्हणजे हा नुसता काटा आहे, वजनकाट्यासारखा.

गंमत म्हणजे जुन्या शाळा बांधणाऱ्यांना हे कळत होतं. उंच छत, समोरासमोर मोठ्या खिडक्या, वर झडपा, गरम हवा वरून बाहेर आणि ताजी हवा खालून आत. मग नूतनीकरण आलं! झडपांवर प्लायवूड ठोकलं, विजेचं बिल वाचवायला खिडक्या घट्ट केल्या, फॉल्स सीलिंग खाली आणलं, भिंतींना रंग दिला आणि एक स्मार्ट बोर्ड लावून उद्घाटन उरकलं. माझ्या मते जुन्या इमारतीचं वय हा प्रॉब्लेम कमी, तिच्यावर केलेल्या अर्धवट दुरुस्त्या हा जास्त.

आवाजाचं तर कुणी नावच काढत नाही. १८९५मध्ये हार्वर्डच्या एका नव्याकोऱ्या व्याख्यान-खोलीत काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही, बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्यावर येऊन आदळायचे. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघा काय करता येतं ते. हा गडी रात्री शेजारच्या थिएटरातल्या गाद्या उचलून आणायचा, खोलीत मांडायचा, ऑर्गनचा पाइप वाजवून घुमणं किती वेळ टिकतं ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत! त्यातून नियम निघाला की खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त घुमतो आणि आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका कमी.

आता आपला वर्ग आठवा, सिमेंटची भिंत, फरशी, काच, मऊ काहीच नाही. स्वर जोरात असतो आणि तोच घुमत राहतो, व्यंजनं बिचारी क्षणभराची, ती त्या घुमण्याखाली दबून जातात. बाई 'काठ' म्हणाल्या की 'गाठ' की 'पाठ'? मोठा माणूस अंदाजाने जोडून घेतो, पण लहान मुलाकडे शब्दच कमी, ते कशावरून जोडणार? अमेरिकेतल्या मानकात साध्या वर्गासाठी घुमण्याची मर्यादा ०.६ सेकंद आहे.

आणि आवाजामुळे शिकणं मागे पडतं याचा पुरावा न्यूयॉर्कच्या एका शाळेत मिळालाय. तिच्या एका बाजूने उंचावरची रेल्वे जायची, तीही दर चार-पाच मिनिटांनी. १९७५मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी रुळांकडच्या वर्गांतल्या मुलांचं वाचन शांत बाजूच्या मुलांशी ताडून बघितलं तर सहावीपर्यंत ती जवळपास वर्षभर मागे पडलेली. शाळा तीच, पुस्तकं तीच. पुढे रुळांखाली रबरी पॅड बसवले, वर्गांना आवाज शोषणारं छत लावलं, आणि १९८१च्या अभ्यासात फरक गायब झालेला दिसला. शिकवण्याची पद्धत वगैरे काही बदलावी लागली नाही.

उकाड्याचंही तसंच. अमेरिकेत जवळपास १ कोटी विद्यार्थ्यांचे मार्क तपासून २०२०मध्ये निष्कर्ष आला की वर्गात एसी नसेल तर परीक्षेआधीचं वर्ष सरासरी १ अंश फॅरेनहाइटने जास्त गरम गेल्यास वर्षभराच्या शिकण्यातलं साधारण १ टक्का कमी होतं. एसी असलेल्या शाळांत हा परिणाम जवळजवळ दिसला नाही. पण नुसता एसी लावून दारं-खिडक्या बंद केल्या तर थंड खोलीत परत तीच शिळी हवा, म्हणजे फिरून तिथेच.

म्हणून पैसे हातात आले की आधी गळकं छत आणि ओल (नाहीतर वरचं सगळं काम वाया), मग हवा, मग आवाज आणि ऊन, आणि स्मार्ट बोर्ड सगळ्यात शेवटी. एखादा कार्बन डायऑक्साइड मीटर वर्गात ठेवून समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, बाहेर जरा वारा असला की थोड्याच मिनिटांत आकडा सरसर खाली येताना मुलांनाच दिसेल. अर्थात त्या खिडक्या गंजून चिकटलेल्या नसतील तर. बऱ्याचदा असतात, आणि मग पहिली खरेदी बिजागऱ्यांची.