साइटमॅप-बदलाची सूचना

संकेतस्थळाच्या साइटमॅपमध्ये नवी किंवा बदललेली पाने नोंदवली गेल्यावर ते शोधयंत्रांना कळवण्याची पद्धत. व्यवहारात हिला ‘पिंग करणे’ म्हणतात. साइटमॅप म्हणजे संकेतस्थळावरील पानांच्या पत्त्यांची यादी; ती बहुधा एक्सएमएल या यंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपाची फाइल असते. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त 50,000 पत्ते मावतात आणि प्रत्येक पत्त्यापुढे ‘लास्टमॉड’ ही शेवटच्या बदलाची तारीख देता येते. गूगलने 2005 मध्ये आणलेला हा आराखडा नोव्हेंबर 2006 मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही स्वीकारला. साइटमॅपचा पत्ता रोबोट्स डॉट टीएक्सटी या, शोधयंत्रांसाठी सूचना असलेल्या फाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवण्याची सोय 2007 मध्ये झाली.

पिंग म्हणजे शोधयंत्राच्या ठरावीक पत्त्याला साइटमॅपचा पत्ता जोडून पाठवलेली साधी विनंती. तीत पाठवणाऱ्याची ओळख द्यावी लागत नसे, आणि हीच सोय पुढे तिच्या मुळावर आली: येणाऱ्या सूचनांत निरुपयोगी मजकुराचा भरणा इतका झाला की मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राने 2022 मध्ये अनामिक सूचना घेणे थांबवले आणि गूगलनेही जून 2023 मध्ये ही सेवा बंद करण्याचे जाहीर केले. जुन्या मार्गदर्शिकांत पिंगचा पत्ता अजूनही छापलेला आढळतो. त्याचा आता उपयोग नाही.

गूगलपुरते पाहता आज रोबोट्स डॉट टीएक्सटीमधील ओळ, सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या गूगलच्या सेवेतील नोंदणी आणि लास्टमॉड एवढेच मार्ग उरतात. त्यांपैकी लास्टमॉड सर्वांत महत्त्वाचा असूनही सर्वांत दुर्लक्षित आहे. ही तारीख सातत्याने खरी आढळली तरच गूगल ती विचारात घेते. फाइल तयार होताना सरसकट सगळ्या पानांवर आजची तारीख टाकणाऱ्या प्रणालीपेक्षा तारीख न देणारी प्रणाली बरी. इंदूरमधील एखाद्या मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर रंगपंचमीच्या गेरीचे (रंगांच्या मिरवणुकीचे) पान असेल, तर राजवाड्याकडे येणारा मार्ग किंवा वेळ बदलल्यावरच त्या पानाची तारीख बदलावी. तळटीपेतील वर्ष बदलले म्हणून नव्हे. अशा संकेतस्थळाने पत्ते देवनागरीत ठेवल्यास साइटमॅपमध्ये ते पर्सेंट एन्कोडिंग करून, म्हणजे % चिन्ह आणि रोमन अक्षरे-अंक यांच्या रूपात, लिहावे लागतात. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची (मात्रा व अनुस्वारही वेगळे मोजून) नऊ चिन्हे होतात, म्हणजे ‘इंदूर’ या एका शब्दालाच 45 चिन्हे लागतात. पत्ता 2,048 चिन्हांहून कमी असावा लागत असल्याने लांबलचक मराठी शीर्षके पत्त्यात जशीच्या तशी उतरवताना हा हिशेब ध्यानात ठेवावा लागतो.

ऑक्टोबर 2021 मध्ये मायक्रोसॉफ्ट बिंग व यांडेक्स हे रशियन शोधयंत्र यांनी आणलेल्या ‘इंडेक्सनाऊ’ने ओळखीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. संकेतस्थळावर एक किल्ली-फाइल ठेवून मालकी सिद्ध करायची आणि संपूर्ण साइटमॅपऐवजी बदललेले नेमके पत्तेच, एका विनंतीत 10,000 पर्यंत, पाठवायचे. एका सहभागी शोधयंत्राला दिलेली सूचना इतर सहभागींपर्यंत पोहोचते. काढून टाकलेले पानही असेच कळवता येते. गूगल मात्र यात सहभागी नाही. सूचना कोणत्याही मार्गाने दिली, तरी पान केव्हा वाचायचे आणि अनुक्रमणिकेत घ्यायचे की नाही, हे शोधयंत्रच ठरवते.