पऱ्हाटी: कुजवायची, जाळायची की कोळसा करायचा?

कापसाची शेवटची वेचणी झाली की विदर्भ-मराठवाड्यात शेताशेतात एकच प्रश्न उरतो. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचं, काय करायचं? ती लाकडासारखी टणक असते, गुरं तिला तोंड लावत नाहीत, नांगराला ती अडकते आणि लवकर कुजतही नाही. बांधावर रचून ठेवली तर उरल्यासुरल्या बोंडांत दडलेल्या गुलाबी बोंडअळीची सोय होते. म्हणून बहुतेक जण पऱ्हाटी उपटतात, ढीग लावतात आणि काडी लावून मोकळे होतात. एका एकरातून साधारण टनभर पऱ्हाटी निघते. पेटवल्यावर उरते ती पन्नास किलोच्या आत राख. पालाश (पोटॅश) आणि चुना राखेत राहतो, नत्र (नायट्रोजन) जवळजवळ सगळा हवेत जातो आणि त्याच्याबरोबर सहा महिने उन्हात उभं राहून झाडाने कमावलेला कर्बही (कार्बन) जातो.

हा प्रश्न नवा नाही. होळकरांच्या इंदूरमध्ये शंभर वर्षांपूर्वी त्यावर काम झालं. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या कृषी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी बसवलेली कंपोस्टची रीत पुढे ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर पोचली. पऱ्हाटी आणि तुराटी (तुरीची वाळलेली झाडं) चिरडण्यासाठी त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. ती त्यांनी रस्त्यावर पसरली आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली येऊ दिली. चुरडलेला माल मग गोठ्यात गुरांखाली अंथरायचा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी लाकडाची राख घालून खड्ड्यात थर द्यायचे, तीनदा उलथापालथ करायची. तीन महिन्यांत खत तयार. आज बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टरवरचा श्रेडर आला आहे, बाकी रीत तीच आहे.

पऱ्हाटी नुसती मातीत गाडली तर का चालत नाही? कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र दोन्ही लागतात. २५ ते ३० भाग कर्बामागे एक भाग नत्र असला की त्यांचं काम झपाट्याने होतं. शेणात हे प्रमाण वीसच्या आसपास असतं, पऱ्हाटीत ते पन्नासच्या पुढे जातं. कच्ची पऱ्हाटी गाडली तर जिवाणू कमी पडलेला नत्र मातीतूनच ओढून घेतात आणि वर उभं पीक पिवळं पडतं. शेण मिसळून ढीग लावला की हिशेब जुळतो. काही दिवसांत ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश सेल्सिअस उष्णता तयार होते. त्यात तणांचं बी, रोगांचे जंतू आणि बोंडअळीही मरते.

या खताने जमिनीत जे घडतं ते फक्त नत्र-स्फुरद-पालाशाच्या आकड्यांत मोजणं चुकीचं आहे. पाच टन शेणखतात नत्र असतो जेमतेम २५ किलो, आणि पहिल्या वर्षी त्यातला तिसरा हिस्सा पिकाच्या हाती लागतो. नुसत्या नत्रासाठी युरियाची गोणी नेहमीच स्वस्त पडेल. खताचं खरं काम वेगळं आहे. ते खाऊन जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांचे चिकट स्राव आणि बुरशीचे तंतू मातीच्या कणांना धरून ठेवतात आणि रवाळ ढेकळी तयार होतात. त्यांच्यामधल्या पोकळीतून पाणी खाली जातं, हवा आत येते. काळ्या भारी जमिनीत हे फार मोलाचं आहे. ही जमीन पाऊस पडला की चिकटते, उघडीप मिळाली की भेगाळते, आणि मधले वाफशाचे, म्हणजे ना चिखल ना कोरडं अशा मशागतीजोग्या ओलीचे, दिवस थोडेच मिळतात. सेंद्रिय कर्ब वाढलेल्या जमिनीत वाफसा लवकर येतो आणि जास्त टिकतो. पेरणी साधायला, आंतरमशागत करायला मिळालेले ते चार जादा दिवस उत्पन्नात दिसतात, जरी खताच्या पिशवीवर त्यांचा आकडा छापलेला नसला तरी.

खताचा परिणाम किती लांब पोचतो याचा सगळ्यात सुंदर पुरावा इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात आहे. तिथे हूसफील्ड नावाच्या शेतात १८५२ पासून बार्लीवर प्रयोग चालू आहे. एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत दिलं आणि मग कायमचं थांबवलं. शंभर वर्षांनंतरही त्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब शेजारच्या, कधीच शेणखत न मिळालेल्या पट्ट्यापेक्षा जास्त होता. आपल्याकडे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी आणि गव्हाचा दीर्घकालीन प्रयोग आहे. तिथेही रासायनिक खताच्या पूर्ण मात्रेला शेणखताची जोड दिलेलं शेत पुढे राहिलं. मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडची चर्चा सेंद्रिय की रासायनिक अशा भांडणात अडकते आणि शेत मात्र दोन्ही मागत असतं.

पण रॉथॅमस्टेडची थंड हवा आपल्याकडे नाही. उष्णतेत जिवाणू वेगाने काम करतात आणि खतातला कर्ब भराभर कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. एक हिशेब करून पाहू. एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण ९०० टन माती. तिचा सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यावरून ०.५ वर न्यायचा (माती परीक्षणात ०.५ च्या खाली म्हणजे ‘कमी’) तर ९०० किलो कर्ब जमिनीत टिकला पाहिजे. ओलसर शेणखतात १५ टक्के कर्ब धरला तर सहा टनांत तेवढा असतो खरा, पण त्यातला बराचसा एक-दोन वर्षांत उडून जातो. म्हणजे दरवर्षी टाकत राहणं आलं. आणि गोठ्यातली जनावरं कमी होत चाललेल्या गावात दरवर्षी सहा टन शेणखत आणायचं कुठून?

इथे कोळसा कामाला येतो. शेतीसाठी केलेल्या अशा कोळशाला बायोचार म्हणतात. काडीकचरा हवा कमी ठेवून ३५० ते ७०० अंशांना तापवला की तो जळून राख होत नाही. त्यातले वायू निघून जातात आणि उरलेल्या कर्बाचे अणू षटकोनी कड्यांत घट्ट गुंफले जातात. हे कडे तोडायला जिवाणूंना फार कष्ट पडतात. जगभरच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून २०१६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार बायोचारमधला सुमारे ३ टक्के कर्ब काही महिन्यांत कुजतो, उरलेला ९७ टक्के मातीत सरासरी साडेपाचशे वर्षं राहतो. कंपोस्ट कुजता कुजता काम करतं, बायोचार न कुजता काम करतो.

ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात याची फार जुनी साक्ष आहे. तिथली मूळची जमीन पिवळी-तांबडी, आम्ल आणि निकस. मध्येच काही ठिकाणी मात्र काळ्याभोर मातीचे पट्टे लागतात. त्यांना पोर्तुगीज भाषेत ‘तेरा प्रेता’ म्हणतात. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनी १९६६ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं. या मातीत कोळशाबरोबर खापऱ्या, हाडं, माशांचे काटे सापडतात. युरोपीय लोक येण्याच्या कित्येक शतकं आधी तिथल्या वस्त्यांनी चुलीतला कोळसा, उष्टं-खरकटं आणि मैला वर्षानुवर्षं एकाच जागी टाकला, त्यातून ती घडली. शेजारच्या जमिनीपेक्षा तिच्यात कोळशाचा कर्ब सत्तर पटींपर्यंत जास्त आढळला आहे. तिथे नुसता कोळसा नव्हता, त्याच्याबरोबर भरपूर कुजणारा मालही होता. पुढे बायोचारचा गाजावाजा झाला तेव्हा नेमकं हेच मागे पडलं.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात उष्ण कटिबंधात बायोचारमुळे उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, समशीतोष्ण देशांत सरासरी वाढ शून्य. आकडा ऐकून आपण उष्ण कटिबंधातले म्हणून खूश होण्याआधी कारण पाहावं. उष्ण कटिबंधातल्या त्या जमिनी बहुतेक आम्ल होत्या. बायोचार अल्कधर्मी असतो, सामू (आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप, म्हणजे pH) बऱ्याचदा ८ ते १०. त्याने आम्ल जमिनीला चुन्यासारखा फायदा दिला. विदर्भाच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू मुळातच आठच्या आसपास किंवा वर असतो. तिथे चुना घालून काय मिळणार? उलट सामू आणखी चढला तर जस्त, लोह आणि स्फुरद पिकाला मिळणं अवघड होतं.

म्हणून बायोचारचा पहिला मान माझ्या मते कोकण आणि गोव्याच्या जांभ्या जमिनीला द्यायला हवा. ती आम्ल आहे, लोह-ॲल्युमिनियमने भरलेली आहे, आणि धो धो पावसात तिच्यातली अन्नद्रव्यं वाहून जातात. ॲमेझॉनच्या जमिनीशी तिचं बरंच साम्य आहे. कोकणातल्या भातशेतीत राब भाजण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ऐन-किंजळ या झाडांचे टाहाळ (पानांसकट छाटलेल्या फांद्या), शेण, पालापाचोळा, गवत रोपाच्या जागेवर थरांनी रचायचं, वरून बारीक माती टाकायची आणि सावकाश धुमसू द्यायचं. तणांचं बी मरतं, राखेतून पालाश आणि चुना मिळतो, रोप सहज उपटून येतं. मातीच्या थराखाली काही कोळसाही होतो, पण बहुतांश राखच. त्यासाठी दरवर्षी झाडं छाटली जातात, ही त्या रीतीची दुखरी बाजू आहे. तोच टाहाळ हवा रोखून कोळशात उतरवला तर कमी झाडोऱ्यात जास्त टिकाऊ काम होईल असं मला वाटतं.

हलक्या, मुरमाड जमिनीतही बायोचारला जागा आहे. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी थांबतं आणि जिथे माती पाणी धरतच नाही तिथे हा फरक जाणवतो. भारी चिकणमातीत पाणी मुळातच पुष्कळ, तिथे ही भर किरकोळ ठरते.

ताजा कोळसा थेट शेतात फेकणं हा मात्र सगळ्यात वाईट उपाय. त्याच्या पृष्ठभागावर नत्र आणि इतर अन्नद्रव्यं अडकतात आणि सुरुवातीला पिकाचाच घास जातो. जर्मनीत रेताड जमिनीत किनोआवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नुसत्या कोळशाने वाढ खुंटली. तोच कोळसा आधी कंपोस्टबरोबर कुजवलेला असला तेव्हा वाढ तिपटीपर्यंत गेली. कंपोस्टात राहिलेल्या कोळशाने नायट्रेट धरून ठेवलं होतं आणि ते हळूहळू झाडाला मिळत होतं. दोन वर्षांनी त्याच दिशेच्या दुसऱ्या संशोधनात दिसलं की कंपोस्टमध्ये कोळशाच्या छिद्रांवर सेंद्रिय पदार्थाचं पातळ अस्तर चढतं, आणि पाणी व अन्नद्रव्यं धरण्याचं काम मुख्यतः ते अस्तर करतं. ॲमेझॉनच्या उकिरड्यांवर शतकानुशतकं हेच घडलं असणार. शिवाय खड्ड्यात कोळसा असला की अमोनियाच्या रूपाने उडून जाणारा नत्रही काही प्रमाणात वाचतो.

मग पऱ्हाटीचं उत्तर असं निघतं: थोडी पऱ्हाटी कोळशात, उरलेली बारीक करून शेणाबरोबर खड्ड्यात, आणि कोळसाही त्याच खड्ड्यात. मालाच्या दहा टक्के कोळसा सुरुवातीला पुरे.

कोळसा करायला महाग यंत्र लागत नाही. हैदराबादच्या ‘क्रीडा’ या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने लोखंडी पिंपाला बुडाशी भोकं पाडून साधी भट्टी तयार केली आहे आणि तीत पऱ्हाटी, तुराटी, मक्याची धाटं वापरून पाहिली आहेत. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा इंधनासाठी करून दाखवला आणि त्याबद्दल २००२ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळवला. याहून सोपा म्हणजे वर रुंद, खाली निमुळता खड्डा. तळाशी थोडी वाळलेली पऱ्हाटी पेटवायची, तिच्यावर पांढरी राख धरू लागली की पुढचा पातळ थर टाकायचा. वरच्या ज्वाळा हवा आधीच वापरून टाकतात, म्हणून खालचा कोळसा जळत नाही. खड्डा भरला की भरपूर पाणी किंवा शेणाची स्लरी ओतून पूर्ण विझवायचा. धूर फार निघतोय म्हणजे माल ओला आहे किंवा थर जाड पडला. विझवताना वाफ अंगावर येते, आणि कोरड्या कोळशाची धूळ छातीत जाऊ देऊ नये. प्लास्टिक किंवा रंगवलेलं लाकूड त्यात कधीच टाकू नये. युरियाबरोबर ताजा कोळसा मिसळू नये, अमोनिया होऊन नत्र जातो.

प्रमाणाचं भान मात्र हवं. टनभर पऱ्हाटीतून अडीचशे-तीनशे किलो कोळसा निघतो. वर सांगितलेल्या विश्लेषणातल्या प्रयोगांत मध्यम मात्रा हेक्टरी १५ टन, म्हणजे एकरी सहा टन होती. आपल्याच पऱ्हाटीतून तिथवर जायला वीस वर्षं लागतील. तेव्हा कोळसा मिसळलेलं खत शेतभर विस्कटण्यात अर्थ नाही. ते ओळीत, ठिबकच्या नळीलगत, भाजीच्या वाफ्यात किंवा फळझाडाच्या खड्ड्यात द्यावं. आणखी एक: प्रयोगशाळेतली सेंद्रिय कर्बाची नेहमीची चाचणी कोळशाचा कर्ब पुरता पकडत नाही. शिवाय तो जिवाणूंचं खाद्यही नाही. कोळसा टाकला म्हणून शेणखत थांबवलं तर जमीन उपाशीच राहील.

आता या कोळशाला कार्बन क्रेडिटचा, म्हणजे हवेतला कार्बन कमी केल्याच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्राचा, बाजारही मिळू लागला आहे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत बायोचारद्वारे एक लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेतून कमी करण्याचा करार जाहीर केला. शेतकऱ्याच्या काडीकचऱ्याला दाम मिळतो हे चांगलंच. पण पऱ्हाटी देताना एक अट घालावी: तयार कोळशातला वाटा माझ्या शेतात परत आला पाहिजे. नाहीतर क्रेडिट परदेशी, कोळसा दुसरीकडे आणि आपली जमीन होती तिथेच.

सुरुवात करायची असेल तर आधी मातीचा सामू तपासून घ्या. साताच्या खाली असला तर हात सैल सोडा, आठच्या वर असला तर कोळसा बेताने आणि कंपोस्टमध्ये कुजवूनच. पहिल्या वर्षी चार ओळी नुसत्या खताच्या, चार ओळी खत आणि कोळशाच्या, आणि चार ओळी दोन्हीविना ठेवा. खुंट्या ठोकून ठेवा, वेचणीला तिन्हींचा कापूस वेगळा तोला, आणि हे किमान तीन खरीप चालू द्या. एका पावसाळ्यावरून काही ठरत नाही.