हेल वेगळा, बोली वेगळी

‘हीर म्हणजे विहीर’, ‘ईज म्हणजे वीज’, ‘इस्तू म्हणजे विस्तव’. सातारा-सांगलीकडच्या बोलीचा म्हणून जो विनोदी शब्दकोश हातात येतो, त्यातल्या बऱ्याचशा नोंदी या जातीच्या असतात. वाचणारा हसतो, चार जणांना पाठवतो आणि आपल्याला आमची बोली समजली असं त्याला वाटतं. बोली त्यात आलेलीच नसते. आलेला असतो तो हेल. या दोन गोष्टी एकच धरून चालण्याचा मला आता खरोखर कंटाळा आलाय.

हेल सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून त्यावर फार थांबत नाही. सूर कुठं चढतो, कुठला स्वर लांबतो, कुठला आवाज गळतो, एवढा तो मामला. त्याला नियम असतात. शब्दाच्या सुरुवातीला ‘वि’ असेल तर ‘व’ गळतो: विचाराचा इचार, विसाचे ईस, विहिरीची हीर. सुरुवातीच्या ‘ओ’चा ‘व’ होतो: ओढ्याचा वढा, ओळखीची वळख, ओठाचा वठ. पहिल्या पानावर हे दोन नियम छापले की पुढच्या कितीतरी नोंदी गाळता येतात, कारण ते शब्द वाचणाऱ्याला स्वतःच पाडता येतात. जो शब्द नियमानं परत प्रमाण मराठीत नेता येतो, तो निराळा शब्द नव्हे. तो उच्चार आहे.

यातली एक खोड मला सहन होत नाही. घाईत बोलताना ‘बघ’चं ‘बग’ आणि ‘काहीतरी’चं ‘कायतरी’ सगळ्या महाराष्ट्रात होतं, पुण्याच्या पेठांतही होतं. पण पुणेकराचं बोलणं छापताना ते नीटनेटकं करून छापायचं आणि तासगावच्या बागायतदाराचं तेवढं कानावर पडलं तसं उतरवायचं. मग बोलणारा अडाणी आहे असं वाचणाऱ्याला वाटणारच. ही बोलीची नोंद नाही, त्या माणसावर केलेला अन्याय आहे.

आता शब्द. ‘थारोळं’ घ्या. मोट म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची, बैलांनी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. ती वर आली की तिचं पाणी ज्या कुंडात पडतं आणि तिथून पाटाला लागतं, ते थारोळं. शहरात हा शब्द फक्त बातमीतल्या रक्तापुरता उरलाय. मोट ओढणारा जाड दोर तो नाडा आणि तिच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. कुठलाही उच्चाराचा नियम लावा, हे शब्द दुसऱ्या कुठल्या शब्दाकडं जात नाहीत. भाकरीबरोबरच्या कालवणाला ‘कोरड्यास’ म्हणणं, व्यवस्थित या अर्थानं ‘बयाजवार’ म्हणणं हेही तसंच. सांगलीशेजारी हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं खोदत. ‘पेव फुटलं’ असं लिहिणाऱ्या किती जणांना पेव कशाला म्हणतात ते ठाऊक आहे? असे शब्द मला कोशात हवे आहेत, आणि लवकर हवे आहेत. हेल कुणाही बोलणाऱ्याकडून उद्याही ऐकता येईल. मोट हाकलेली माणसं मात्र आता हाताच्या बोटांवर मोजावी लागतात.

इथवर फारसं कुणी चुकत नाही, म्हणजे समजावून दिलं की पटतं. खरी गफलत होते ती व्याकरणात, कारण परक्या कानाला व्याकरणही हेलासारखंच ऐकू येतं.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात बाईमाणूस ‘मी येतो’ म्हणतं. ‘आत्ती, मी येतो हं,’ असं म्हणून भाची उठते आणि चपला घालते. यावर विनोदी कोशात हमखास नोंद असते की इकडच्या मुली मुलांसारखं बोलतात. हे साफ चूक आहे. त्याच मुलीला तिच्या मैत्रिणीबद्दल विचारा. ती ‘ती येती’ म्हणेल, ‘ती येतो’ कधीच म्हणणार नाही. मैत्रिणीला समोरासमोर विचारतानाही ‘तू येतीस का?’ असंच विचारेल. म्हणजे स्त्रीलिंग-पुल्लिंग जागच्या जागी शाबूत आहे. स्वतःबद्दल बोलताना तेवढं बाई आणि बाप्या एकच रूप वापरतात.

हे काही जगावेगळं नाही. प्रमाण मराठीत ‘आम्ही येतो’, ‘आम्ही आलो’ हे बायकाही म्हणतात आणि पुरुषही. ‘मी येईन’ म्हणताना बोलणारी बाई आहे की पुरुष, हे क्रियापदावरून कळत नाही. त्याचं कुणाला हसू येत नाही. आमच्याकडं तीच रीत ‘मी येतो’पर्यंत आलेली आहे, इतकंच. पुस्तकातल्या व्याकरणानं अनेकवचनात केलेलं चालतं आणि मिरजेतल्या मुलीनं एकवचनात केलं की तो विनोद होतो, हे मला पटत नाही.

आणि हा हेल नव्हे, हे दाखवणंही सोपं आहे. पुण्यात शिकायला गेलेली आमच्या नात्यातली एक मुलगी थट्टेला कंटाळून ‘मी येते’ म्हणायला लागली. तिचा सूर मात्र आजही पक्का इकडचाच आहे. व्याकरण बदललं, हेल राहिला. दोन्ही एकच असते तर दोन्ही एकदमच गेले असते.

‘की’चंही तेच. ‘की: कोणत्याही वाक्याच्या शेवटी जोडावा’ अशी नोंद मी वाचलेली आहे. जोडून बघा. ‘बस’ हा हुकूम झाला, ‘बस की’ हा आग्रह. ‘भाकरी हाय’ ही माहिती, ‘भाकरी हाय की’ म्हणजे आहेच, त्यात विचारायचं काय. ‘कुठं गेलाय?’ हा प्रश्न. ‘कुठं गेलाय की’ म्हटलं की प्रश्न उरतच नाही, कुणास ठाऊक कुठं गेलाय असा अर्थ होतो. आज्ञेला लागला तर एक काम, विधानाला लागला तर दुसरं, प्रश्नार्थक शब्द असलेल्या वाक्याला लागला तर तिसरं. आमच्याकडचं लहान पोरही यात चुकत नाही. बाहेरचा माणूस नक्कल करायला गेला की पहिल्या दोन वाक्यांत चुकतो, कारण त्यानं सूर उचललेला असतो, नियम नाही.

सुट्या शब्दांच्या यादीत हे सापडायचं नाही, त्याला सलग बोलणं लागतं. इंग्रज अमदानीत जॉर्ज ग्रिअर्सन या अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्या पाहणीत बायबलमधल्या उधळ्या मुलाची एकच गोष्ट बोलीबोलीतून सांगून घेतली होती. गोष्ट एकच असल्यानं क्रियापदं कशी बदलतात ते शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

विनोदाला माझी ना नाही. फक्त तो उच्चारात नको, अर्थात आणि उदाहरणात हवा. ‘वाईच: थोडं. “वाईच बसा” म्हटल्यावर जेवल्याशिवाय उठता येत नाही’ अशी नोंद असेल तर मी मनापासून हसेन. त्यात शब्द आहे, अर्थ आहे, आणि तो शब्द वापरणाऱ्या घरची रीतही आहे.

सातारी बोली वेगळी की सांगलीची वेगळी, हा वाद मात्र सोडून द्यावा. साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेली सांगली, मिरज, जत ही संस्थानं मिळून १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. बोली काही त्या सरकारी रेषेवर बदललेली नाही. जतला कन्नडचा शेजार आहे, शिराळ्याला कोल्हापूरचा, पाटण-जावळीला कोकणाचा. म्हणून नोंदीपुढं जिल्हा लिहू नका, गाव लिहा. जतचा शब्द आणि शिराळ्याचा शब्द एकाच ‘सांगली’खाली टाकला, तर कन्नडकडून आलेला कुठला आणि वारणाकाठचा कुठला, हे पुढं कुणालाच सांगता येणार नाही.